बाळंतिणीचे पाय कोण बघतं?

परवा आमच्या गल्लीत एका घरी बारशाला गेले होते. पाळणा झाला, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. बाळंतीण आतल्या खोलीत बाजेवर. कानाला स्कार्फ, अंगावर शाल, पायांवर गोधडी. मी तिच्याजवळ बसले आणि बाळाकडे बघायच्या आधी गोधडी वर करून तिचे दोन्ही पाय बघितले. पोटऱ्यांवरून हात फिरवला. तिची आई जरा चमकलीच. "बाई, काय बघताय?" म्हणाली. बारशाला आलेली बाई बाळाला सोडून बाळंतिणीचे पाय चाचपते म्हटल्यावर कुणीही चमकणारच की! तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगायचंय, म्हणून हा सगळा प्रपंच.

गोष्ट २०१८ च्या डिसेंबरातली. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सिझर झालं. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. माझं घर भावाच्या घरापासून चार घरं सोडून. शाळेतून निवृत्त झालेली मी, हाताशी वेळच वेळ. मग काय, वहिनी आणि मी, आम्ही दोघींनी मिळून बाळंतपणाचा चार्जच घेतला म्हणा ना. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाळंतशोपा, ओव्याची धुरी, शेगडी. कशाचीही कसर ठेवली नाही. पोर बाजेवरून उठायला बघायची, तर मी ओरडायची, "अगं पड, टाके ओले आहेत अजून. हेच दिवस आरामाचे, पुढे जन्मभर उठायचंच आहे." पाणी मागायची, तर वहिनी उकळून गार केलेलं वाटीभर पाणी द्यायच्या. पाणी प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं, हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं, म्हणजे माझ्याच आईनं. मीही माझ्या दोन्ही बाळंतपणांत तसंच केलं होतं. मला कुठे काय झालं होतं?

बारसं होऊन दोन दिवस झाले आणि भाची म्हणाली, "आत्या, डावी मांडी दुखतेय गं. पाय जड झालाय." मी बघितलं. पाय थोडा सुजल्यासारखा होता. मी म्हटलं, "सलाईनची सूज असेल, उतरेल." आमच्याकडे मालिशला येणाऱ्या मावशी आहेत. गेली तीस वर्षं गावातल्या बाळंतिणी आणि बाळं त्यांच्याच हाताखालून जातात. सिझर म्हणून पोट सोडून नुसते हातपाय चोळायला त्या येत होत्या. त्यांनी पायाला हात लावला आणि थांबल्या. म्हणाल्या, "बाई, ह्यो पाय मला बरा वाटंना. त्या पायापेक्षा गरम लागतोय. डॉक्टरला दाखवा, मी नाही चोळत."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अहो मावशी, वात आहे तो. गरम तेलानं चांगला रगडा, मोकळा होईल."

सदतीस वर्षं शाळेत शिकवलेली मी, आणि अंगठा लावणाऱ्या त्या. बाई सांगतायत म्हटल्यावर त्यांनी ऐकलं. त्या दिवशी चोळला, दुसऱ्या दिवशीही चोळला.

तिसऱ्या दिवशी पहाटे भाची बाथरूमला जायला उठली आणि दारातच खाली बसली. श्वास घेता येईना. श्वास ओढला की छातीत सुई टोचल्यासारखी कळ. अंगाला घाम, ओठ पांढरे. वहिनी शेगडीकडे धावल्या. त्यांना वाटलं वारं लागलं. भावाला मात्र काय सुचलं देव जाणे, त्यानं शेजारची जीप काढायला लावली. आमच्या इथल्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, तो ८८ भरला. "इथे एक मिनिट थांबू नका," म्हणाले. ऑक्सिजन लावूनच जिल्ह्याच्या गावी पाठवलं. तिथे छातीचा सिटी स्कॅन झाला, पायाची डॉप्लर सोनोग्राफी झाली. पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. मांडीपर्यंत. तिचाच तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला होता.

तिथल्या लेडी डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाच्या, त्यांनी मला बाजूला घेऊन तीनच प्रश्न विचारले. "काकू, ती दिवसभरात चालत किती होती? पाणी किती पीत होती? पाय चोळला होता का?" तिन्ही उत्तरं माझ्याकडेच होती. रागावल्या नाहीत त्या. नुसतं लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवस आयसीयूत होती ती. बाळ घरी, दूध पिळून डब्यातून यायचं. ते चार दिवस मी लिहीत नाही. पोर वाचली, एवढंच सांगते. पण त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे?

आपल्या पायातलं रक्त वर हृदयाकडे जायचं, तर त्याला चढ चढावा लागतो. खाली पंप नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चाललो की स्नायू आवळतात, शीर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या बारीक झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. बाई बाजेवर पडून राहिली की हा पंप बंद. रक्त साचतं. विरजण लावलेलं भांडं हलवलं नाही की दही कसं घट्ट लागतं, तसंच समजा. त्यात गरोदरपणात निसर्गानेच रक्त जास्त गोठणारं केलेलं असतं. बाळंतपणात रक्त जाऊन बाई दगावू नये म्हणून केलेली ती सोय. पण ही सोय बाळ झालं की लगेच काढून घेतली जात नाही, रक्त मूळपदावर यायला काही आठवडे जातात. वरून सिझर असेल तर ऑपरेशनची जखम. रक्त साचणं, शिरेला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल असणं, ही गुठळीमागची तीन कारणं रुडॉल्फ विरशॉ या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखली जातात. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाते हे दीड शतकापूर्वी त्यानेच दाखवून दिलं. १३ ऑक्टोबर हा त्याचा वाढदिवस. २०१४ पासून तो जगभर गुठळीबद्दल जागृती करायचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या बाळंतिणीच्या खोलीत ही तिन्ही कारणं एकाच बाजेवर जमलेली असतात!

डावाच पाय का, असंही मी विचारलं होतं. तर पोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची रोहिणी आडवी जाते, ती शीर मुळातच थोडी दबलेली असते. त्यात गर्भाशयाचा भार. म्हणून गरोदरपणातल्या बहुतेक गुठळ्या डाव्या पायात होतात.

घाबरवायचं नाहीये मला. हे होतं ते हजार बाळंतिणींत एखाददुसरीला. पण एरवीच्या बाईपेक्षा गरोदर बाईला हा धोका चार ते पाच पट, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत त्याहूनही कितीतरी जास्त. सहा आठवड्यांनंतर तो बराच उतरतो.

सहा आठवडे! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोटांवर मोजलं. आपला सव्वा महिना म्हणजे जवळजवळ तेवढाच की. आपल्या आज्या-पणज्यांनी धोक्याचा काळ किती बरोबर हेरला होता बघा. उपाय तेवढा उलटा झाला.

आपल्याकडेच असं होतं असंही नाही. युरोपातही बाळंतिणीचा पाय असा सुजून पांढरा पडायचा, तेव्हा अंगावरचं दूध पायात उतरलं असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे. 'दुधाचा पाय' असंच नाव होतं त्याला. तिकडेही बाळंतिणींना दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस अंथरुणातून उठू देत नसत. १९४० च्या दशकात त्यांना लवकर उठवायला सुरुवात झाली. युद्धामुळे दवाखान्यांत खाटा पुरत नव्हत्या, हेही त्याचं एक कारण. म्हणजे शहाणपण थोडं नाइलाजानंच आलं म्हणायचं.

आता इथे आमच्या वयाच्या बायका म्हणतील (मीही म्हणत होते), "आम्ही पाच-पाच बाळंतपणं अशीच काढली, आम्हाला काही झालं नाही." खरंय. पण ज्यांना झालं त्या सांगायला आहेत कुठे? माझी एक चुलत आजी बाळंतपणात अठराव्या दिवशी गेली. 'बसल्या जागी गेली, बाहेरचं होतं,' एवढंच घरात बोललं जायचं. तिला काय झालं होतं हे आता कोण सांगणार? पण बसल्या जागी श्वास कोंडून गेलेल्या, झटके येऊन गेलेल्या किती जणी बाधा, वारं, बाळंतरोग अशा नावांखाली गेल्या असतील! झटक्यांचं मुद्दाम लिहिलं. गुठळी पायातच होते असं नाही, मेंदूच्या शिरेतही होते. बाळंतिणीचं डोकं सहन होणार नाही इतकं दुखू लागलं, एकाचे दोन दिसू लागले, झटका आला, तर मांत्रिक नव्हे, दवाखाना. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी बाळंतिणींमध्ये हा प्रकार पुष्कळ पाहिलाय, आणि अंगातलं पाणी कमी होणं हे त्याला हातभार लावणाऱ्या कारणांपैकी एक. आमच्या भाचीला फक्त पाण्यामुळे झालं असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. पण त्या वाटीभर पाण्याची मला अजून लाज वाटते. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर एरवीपेक्षा जास्तच पाणी लागतं.

मग मी काय सव्वा महिन्याच्या विरोधात आहे का? अजिबात नाही. उलट हे नीट समजून घ्या, नाहीतर माझ्याच लिहिण्याचा उलटा उपयोग व्हायचा. सव्वा महिन्याची बाज ही आपल्या बायकांची आयुष्यातली एकमेव हक्काची रजा. एके काळी ती नसती तर सातव्या दिवशी जात्यावर बसवली असती तिला. आजही "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?" म्हणून हातात झाडू देणाऱ्या सासवा कमी नाहीत. आणि सासवांनाच कशाला बोला, "चालायचंच आहे तर चहा टाक" म्हणणारे नवरेही आहेत. चालणं वेगळं आणि राबणं वेगळं. स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, जड उचलणं यातून तिला सोडवायलाच हवं. पण बाजेवरून उठून अंगणापर्यंत जायचं, पुन्हा यायचं, दर दोन तासांनी खोलीत चार फेऱ्या मारायच्या, पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवत राहायची, याला काम म्हणत नाहीत. सिझर झालेल्या बाईलाही हल्ली शक्यतो चोवीस तासांच्या आत उठवून उभं करतात. दवाखान्यात नर्सनं उठवलेली आपली मुलगी घरी आली की आपण पुन्हा आडवी करतो.

आणि सिझर आता काही एखादीचंच राहिलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांत साधारण एकवीस सिझरची निघाली. म्हणजे पाचातली एक. नॉर्मल बाळंतपणापेक्षा सिझरनंतर गुठळीचा धोका जास्त. पस्तिशी उलटलेली, वजन जास्त असलेली, जुळी झालेली, बाळंतपणात खूप रक्त गेलेली, टाक्यात पू झालेला, आधी कधी गुठळी झालेली किंवा आई-बहिणीला झालेली, या बायकांना आणखी जास्त. इंग्लंडमध्ये प्रत्येक गरोदर बाईचे असे गुण मांडतात आणि अमुक गुणांच्या वर गेली की रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं देतात. अचानक सिझर करावं लागलं तर दहा दिवस ती द्यायचा विचार करतात. तिथे बाळंतपणाशी थेट संबंध असलेल्या मृत्यूंत गुठळी हे वर्षानुवर्षं आघाडीचं कारण राहिलंय, म्हणून ही काळजी. आपल्याकडे बाळंतिणींचा सगळ्यात मोठा शत्रू रक्तस्राव. त्यामुळे डॉक्टरांचंही पहिलं लक्ष तिकडे जातं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी आपणच विचारायचं, "डॉक्टर, हिला गुठळीचा धोका आहे का? इंजेक्शन लागेल का?" प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. फार तर डॉक्टर नाही म्हणतील.

आशाताई बाळासाठी घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्यांनी आईचीही चौकशी करायची असते, पण आपण त्यांना चहा देऊन बाळ दाखवतो आणि बाळंतीण आत झोपलेलीच असते. तिला बाहेर बोलवा, तिचे पाय त्यांना दाखवा. आमच्या वाड्यात मी आता हे करायलाच लावते.

दोन्ही पाय सुजणं बाळंतिणीत पुष्कळदा साधं असतं (तरी ब्लड प्रेशर तपासून घ्या). पण एकाच पायाला सूज, दुखणं, गरमपणा, रंगात फरक असं दिसलं तर तो वात नव्हे. चोळायचं नाही, शेकायचं नाही, पट्टी करकचून बांधायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर. डॉप्लर म्हणजे साधी सोनोग्राफीच. सुई नाही, दुखत नाही. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडली, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

उपचाराबद्दलही थोडं लिहिते, कारण आमच्या घरात त्यावरून रामायण झालं. भाचीला आधी पोटाच्या कातडीखाली हेपारिनच्या जातीची इंजेक्शनं दिली. हेपारिन सापडलं १९१६ मध्ये, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला, कुत्र्याच्या यकृतातून. आताचं डुकराच्या आतड्यातून काढतात. (हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. सोवळ्याच्या आहेत त्या.) मग वॉरफेरिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि भाचीच्या सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं की हे उंदराचं औषध आहे. झालं! "आमच्या सुनेला उंदराचं औषध देताय?" म्हणून ते थेट दवाखान्यात. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे काका. बसा, सांगते."

त्यांनी सांगितलेली हकिगत आपल्यासारख्या गाई-म्हशीवाल्यांना पटण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात जनावरं रक्त जाऊन मरायला लागली. शिंगं कापली, खच्ची केलं, की रक्त थांबायचंच नाही. कारण निघालं बुरशी लागलेला चारा. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोहोचला. तिथल्या कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने पुढे काही वर्षं खपून चाऱ्यातलं ते द्रव्य शोधलं. त्यावरूनच वॉरफेरिन आलं. १९४८ मध्ये उंदरांसाठी, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी. मात्रेवर सगळं असतं. सासरे परत आले ते सगळ्या गावाला ही गोष्ट सांगत.

आणि औषध न देता काय होतं, तेही डॉक्टरांनी सांगितलं. १९६० मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टलमधला एक प्रयोग छापून आला. फुप्फुसात गुठळी गेलेल्या एकोणीस रुग्णांना रक्त पातळ करणारं औषध दिलं नव्हतं, त्यातले पाच त्याच गुठळ्यांनी गेले. ज्या सोळा जणांना दिलं होतं, त्यांच्यातला एकही गुठळीने गेला नाही. हे ऐकल्यावर घरातला वाद मिटला.

पण गोळ्या घेणं म्हणजे नुसतं गिळणं नव्हे. रक्त किती पातळ झालं हे बघायला आयएनआर नावाची तपासणी वारंवार करायची. ती साधारण दोन ते तीनच्या मध्ये राहावी लागते. पालेभाजी बंद करायची नाही, पण एक आठवडा मेथीच मेथी आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असंही नको. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची नाही, कुणी दिलेला काढा घ्यायचा नाही. कुठल्याही डॉक्टरकडे, दाताच्या सुद्धा, गेलं की आधी हे सांगायचं. अंगावर पाजणं थांबवायची गरज नाही, हेपारिन आणि वॉरफेरिन दोन्हीत बाळाला पाजता येतं. रिव्हरोक्सॅबॅन, अॅपिक्सॅबॅन अशा नव्या गोळ्या निघाल्यात, त्यांना या तपासण्या लागत नाहीत, पण पाजणाऱ्या बाईला त्या टाळतात. आणि एक गोष्ट कुणीच आधी सांगितली नव्हती. पाळी पुन्हा सुरू झाली तेव्हा या गोळ्यांमुळे ती इतकी जोरात आली की भाची घाबरून रडायला लागली. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. हेही उघड बोललं पाहिजे की नाही? औषध किमान तीन महिने चालतं. भाचीला सहा महिने चाललं.

त्यानंतरचाही एक प्रसंग. पुढच्याच वर्षी गौरी-गणपतीत हिची पाळी येणार होती. वहिनींनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागवल्या. चिठ्ठी लागली नाही, कुणी काही विचारलं नाही. देवाला पाळी चालते की नाही यावर माझं मत वहिनींना माहीत आहे, ते इथे नको. पण या गोळ्यांत बहुतेक वेळा नोरएथिस्टेरोन असतं, आणि त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. इस्ट्रोजेन म्हणजे गुठळीला आमंत्रण. माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांतही ते असतं, म्हणून बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे अशा गोळ्या घेत नाहीत. तरुण, निरोगी बाईला चार-सहा दिवसांत क्वचितच काही होईल. पण जिला एकदा गुठळी झाली आहे तिनं या गोळ्यांच्या वाटेलाही जायचं नाही, आणि बाकीच्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. लग्नसराईत आणि श्रावणात मेडिकलवाले या गोळ्या गोळ्या-बिस्किटांसारख्या देतात, याचा मला राग येतो. ती पाकिटं मी परत पाठवली. त्या वर्षी गौरीचा नैवेद्य वहिनींनी आणि मी केला, भाची बाहेर बसून लेकीला खेळवत होती.

२०२२ मध्ये तिला पुन्हा दिवस गेले. वॉरफेरिन पोटातल्या बाळाला चालत नाही, पण तोवर ते बंदच होतं. आधी गुठळी झालेली म्हणून पहिल्या महिन्यापासून रोज पोटात इंजेक्शन. रोज! बाळंतपण होईपर्यंत, आणि नंतर सहा आठवडे. सुरुवातीला ती स्वतः टोचून घ्यायला घाबरायची. मग तिच्या सासूबाई नर्सकडून शिकल्या. सातवी शिकलेल्या त्या, पण रोज सकाळी देवपूजा झाली की हात धुऊन सुनेला इंजेक्शन द्यायच्या. मुलगा झाला. ती माहेरी आली, पुन्हा तीच बाज, त्याच मालिशवाल्या मावशी. मावशी आल्या त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मावशी, मागच्या वेळी तुमचं ऐकायला हवं होतं." त्यांनी नुसतं "होय बाई" म्हटलं आणि आधी दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवून बघितलं.

बाजेपाशी मी तांब्या-भांडं ठेवलं होतं, पूर्ण भरून. वहिनींनी ते दोनदा उचलून आत नेलं, मी दोनदा परत आणून ठेवलं. पोट सुटतं हे त्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.